आठ पीसचे सॅम्पल

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या मामाने अंबरनाथ पूर्वेच्या एका फ्राइड चिकन रेस्टॉरंटमधून आठ पीसची बकेट घेतली. त्यातला एकही पीस त्याने तिथे बसून खाल्ला नाही. दोन पीस मामीने आणि मी खाल्ले. उरलेले सहा मामाने उल्हासनगरला घरी नेले आणि मोजले.

मामा उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये राहतो. एकतीस वर्षे तो जीन्सच्या एका कारखान्यात कटिंग मास्टर होता. व्यापारी बाहेरची एखादी पँट घेऊन यायचा, मामा ती टेबलावर पसरून वीस ठिकाणी टेप लावायचा, मग शिलाई उसवून प्रत्येक भाग खाकी कागदावर आखायचा. संध्याकाळपर्यंत पॅटर्न तयार. आठवड्यात तशाच पँटींचा लॉट बाजारात. या कामाचा एकच नियम होता : सॅम्पल अंगात घालायचे नाही. एकदा एका कारागिराने सॅम्पलची पँट घालून चहा आणला. पँट गुडघ्यात फुगली, मामाने ती तशीच आखली आणि अख्खा लॉट गुडघ्यात फुगलेला निघाला. ही हकिकत मामा स्वतःच सांगतो.

त्या आधीच्या दिवाळीला कारखाना बंद झाला. मामाने आणखी दोन ठिकाणी विचारले. दोन्हीकडे पॅटर्न आता कॉम्प्युटरवर निघतो असे उत्तर मिळाले. तो घरी बसला. मामी अंबरनाथ एमआयडीसीत एका औषध कंपनीत पॅकिंगला जाते. दर एप्रिलला जयंतीच्या दिवशी वस्तीच्या स्टॉलवर चिकन तीच तळते आणि ते दुपारी दोनच्या आत संपते. कॅम्प चारमधली कॉलेजची मुले फ्राइड चिकन खायला रिक्षा करून अंबरनाथला जातात, हे मामा रोज पाहत होता. आपणच इथे गाडी का टाकू नये, हा विचार त्यातून आला.

जागा एकच होती. मेन रोडवर झिप, बटण आणि दोऱ्याचे दुकान असलेले एक सिंधी शेठ आहेत. मामा त्यांच्याकडून वीस वर्षे झिप घेत आला. कारखाने कमी झाल्यावर शेठच्या दुकानासमोरचा ओटा रिकामाच राहू लागला होता. मोबाइल कव्हर विकणाऱ्या एका माणसानेही तो मागितला होता. शेठने दोघांनाही पुढच्या रविवारपर्यंत थांबायला सांगितले. मामाला ते म्हणाले, "मास्टर, जगह का क्या है, दे दूँगा. पहले खिलाओ तो सही. संडे को पाँच बजे." म्हणजे मामाच्या हातात आठ दिवस होते.

म्हणून ती बकेट.

काउंटरवरच्या मुलीने विचारले, "हॉट की क्लासिक, काका?"

"सगळ्या साइजचे द्या."

"साइज नसतात काका. मिक्स पीस येतात."

"म्हणजे एकाच लॉटमध्ये सगळं मिक्स?"

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी हॉट सांगितले.

आम्ही खिडकीजवळ बसलो. मामीने हात पुढे केला तसा मामाने झाकण परत लावले. "थांब. आधी वेगळं काढू दे." त्याने आतले पीस एकेक करून वर आणले, पाहिले आणि सगळ्यांत लहान दोन आमच्यापुढे ठेवले.

"अहो, ही काय पँट आहे का?" मामी म्हणाली.

"आजच्यापुरती पँटच समज."

"आणि तुम्ही काय खाणार?"

"मी घरी डाळभात खातो. सॅम्पलला तोंड लावत नसतात."

मामी आणि मी खाल्ले. कवच कडक होते आणि आत मांस ओले, गरम. मामीने खाताना मसाल्यातली नावे घेतली : मिरी, लसूण, लाल तिखट, थोडी सुंठ असावी, जास्तीचे मीठ. मामाने ती लिहून घेतली. त्याने फक्त कोल्ड्रिंक घेतले. निघताना बकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीला दोन गाठी मारल्या. हवा लागली तर माल सुकेल, असे तो म्हणाला. रिक्षात पंचवीस मिनिटे ती पिशवी त्याच्या मांडीवर होती.

घरी त्याने कटिंगचे टेबल पुसले. कारखाना बंद झाला तेव्हा ते टेबल त्याने अर्धे कापून घरी आणले होते, आता त्यावरच जेवण होते. पिशवीच्या गाठी सोडल्यावर झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब खाली पडले. मामाने ते फडक्याने टिपले आणि सहा पीस ओळीने मांडले. खाकी कागदावर प्रत्येकाची बाह्यरेषा काढली. लांबी, रुंदी, तीन ठिकाणी कवचाची जाडी, कवचासकट वजन, आणि त्यातल्या एकाचे कवच काढून वजन. त्या कागदाचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. लेग पीसच्या चित्राखाली मामाच्या अक्षरात लिहिले आहे : "कवच दोन ते तीन मि.मी. स्पर्श मऊ. बोटाने दाबल्यास बसते, परत उठत नाही."

मी चार वाजेपर्यंत तिथे होते. हा मजकूर मी वाचला होता. त्यात चूक आहे, हे माझ्या लक्षात आले नाही. संध्याकाळी मी बदलापूरला घरी गेले.

सोमवार ते गुरुवार काय झाले ते मामीने मला नंतर सांगितले आणि मामाने त्याला दुजोरा दिला. सोमवारी ड्यूटीवरून आल्यावर तिने पहिले तळण काढले. मैदा, कॉर्नफ्लोअर, ताकात भिजवलेले चिकन, बर्फाच्या पाण्यात एक बुचकळी. पीस कढईतून काढल्यावर कुरकुरीत झाले होते. मामाने बोट दाबून पाहिले आणि फ्रिजमधला सॅम्पलचा पीस शेजारी ठेवला. "हे कडक आहे. सॅम्पल बसतं." तो माल नापास झाला. मंगळवारी कॉर्नफ्लोअर कमी केले. तरी कडक. बुधवारी कढईवर झाकण ठेवले. गुरुवारी तळलेले पीस दहा मिनिटे ओल्या फडक्यात गुंडाळले. गुरुवारी सॅम्पल जुळले. रात्री साडेआठला मामाने मला फोन केला आणि दोन शब्द सांगितले : "पॅटर्न बसला."

शनिवारी माझी सुटी असते. मी दुपारी अडीच वाजता कॅम्प चारमध्ये पोचले. टेबलावर दोन ताटल्या होत्या. एकीत सॅम्पल, दुसरीत मामीचे सकाळचे तळण. मी दुसरीतला लेग खाल्ला.

"कसं आहे?" मामाने विचारले.

"मसाला चांगला आहे. पण वाजत नाही."

"काय वाजत नाही?"

"तिथलं चावताना वाजत होतं. हे भिजलेल्या पावासारखं लागतंय."

मामाने कागद पुढे ओढला. "वाच. बोटाने दाबल्यास बसते. हे बसतंय का नाही? बस. मिलिमीटरमध्ये फरक नाही."

"हेच मी चार दिवस सांगतेय," मामी स्वयंपाकाच्या ओट्याजवळून म्हणाली. "तिथलं कुरकुरीत होतं. मी खाल्लंय."

"तू खाल्लंस, मी मोजलंय."

"मग उद्या शेठना टेप द्या खायला."

मामाने सॅम्पलचा पीस पुन्हा दाबला. मग विचारले, आपण तो इथे आणला तेव्हा किती वाजले होते? मी सांगितले, साधारण पावणेदोन. आणि तिथे कढईतून कधी निघाला असेल? ते मला माहीत नव्हते. मामीने तोवर पर्स उचलली होती आणि ती चपला शोधत होती.

साडेतीनला आम्ही पुन्हा त्याच रेस्टॉरंटमध्ये होतो. एमआयडीसीतली पहिली पाळी सुटली होती. कंपनीचे शर्ट घातलेले सातजण दोन टेबले जोडून बसले होते, त्यांच्या डब्यांच्या पिशव्या पायाशी होत्या आणि ते कुणाच्या तरी प्रमोशनवरून त्याची टांग खेचत होते. "साहेब झाला रे आता, याला काटा-चमचा आणा." "अरे, पगारवाढ नाही, फक्त टोपीचा रंग बदललाय." पलीकडे एक बाई आपल्या सासूला चिकनचे कवच सोलून देत होती आणि सासू फक्त ते कवचच खात होती.

काउंटरवर तीच मुलगी होती. तिने मामाला ओळखले. "काका, आज कोणती साइज?"

"आज गरम साइज दे," मामा म्हणाला.

ती हसली आणि चार मिनिटे थांबायला लागेल म्हणाली, नवीन माल निघतोय. मामा थांबला. काउंटरच्या मागे जेवढे दिसत होते तेवढे त्याने पाहिले. तळलेले पीस तारेच्या जाळीवर उभे केले जात होते, एकमेकांना न चिकटता. खाली कागद नव्हता. वर काही झाकलेले नव्हते. हे त्याने मला टेबलावर येऊन सांगितले, मी लिहून घेतले.

ट्रे आल्यावर त्याचा हात सवयीने शर्टाच्या खिशाकडे गेला. खिशात सहा इंची स्टीलची पट्टी होती. मामीने ती काढून आपल्या पर्समध्ये टाकली. "खा आता."

मामाने लेग पीस उचलला आणि पहिला घास तोडला. तो आवाज मला टेबलाच्या पलीकडे ऐकू आला. तो चावायचा थांबला. हातातल्या पीसकडे पाहिले, अंगठ्याने कवच दाबले. ते तडकले.

"हे बसत नाही," तो म्हणाला. "तुटतं."

"सोमवारी मी केलं ते तुटत होतं," मामी म्हणाली.

"हो."

"मंगळवारचं पण."

"हो म्हटलं ना."

"अजून एकदा म्हणा. ऐकायला बरं वाटतंय."

मामाने तोंडातला घास संपवला. "मी वाफेत मेलेलं सॅम्पल आखलं," तो म्हणाला. मग तो हसला. पँट गुडघ्यात फुगल्याची हकिकत सांगताना हसतो तसाच. "रिक्षात मांडीवर घेऊन बसलो होतो. दोन गाठी मारून."

त्याने लगेच एक तपासणी लावली. एक पीस ट्रेवर उघडा ठेवला, दुसरा कागदी डब्यात घालून झाकण बंद केले आणि मला वेळ बघायला सांगितली. तीन वाजून त्रेपन्न मिनिटे. त्यानंतरची वीस मिनिटे आम्ही फक्त खाल्ले. मामाने लेग संपवला, मग मांडीचा पीस घेतला. हाडाजवळचे मांस त्याने दाताने सोलून काढले. मामीने पावाचा तुकडा सॉसमध्ये बुडवून त्याच्यापुढे धरला, तो त्याने तिच्या हातातूनच खाल्ला. शेजारच्या टेबलावरच्या सातजणांनी नव्या साहेबाकडून आणखी एक बकेट काढायला लावली. मामीने कंपनीतल्या लाइनवरची एक गोष्ट सांगितली, सुपरवायझरच्या टोपीत गोळ्यांची पट्टी सापडल्याची. मामा खुर्चीला पाठ टेकून, पाय लांब करून ऐकत होता. दिवाळीनंतर तो इतका वेळ एका जागी स्वस्थ बसलेला मी पाहिला नव्हता.

चार वाजून तेरा मिनिटांनी झाकण उघडले. डब्यातला पीस बोटाने दाबल्यावर बसला, परत उठला नाही. उघडा ठेवलेला गार झाला होता, पण तुटत होता.

मामा काउंटरवर गेला. "बाळा, घरी नेलेलं मऊ पडतं, त्याला काय करतात?"

"आतलं आम्हाला सांगता येत नाही काका," मुलगी म्हणाली. "पण मी स्वतः इथंच खाते. घरी नेलं की आई म्हणते, यापेक्षा माझी भजी बरी."

तो परत आला आणि डब्यातला मऊ पडलेला पीसही त्याने खाल्ला. त्या दुपारी मामाने एकूण चार पीस खाल्ले. आम्ही पाच वाजता निघालो. घरी येऊन मामाने खाकी कागदावरच्या "स्पर्श" या ओळीवर रेघ मारली आणि बाजूला लिहिले : "सोमवारप्रमाणे." मामीने ते मोठ्याने वाचले. दोनदा.

रविवारी साडेचारला आम्ही शेठच्या ओट्यावर शेगडी आणि कढई मांडली. मामाने घरच्या भांड्यांच्या मांडणीतली तारेची जाळी आणली होती. एका पुठ्ठ्यावर त्याने खडूने मोठ्या अक्षरात लिहिले होते : "पार्सल मिळणार नाही."

पाचला पाच मिनिटे असताना शेठ दुकानातून बाहेर आले. "जय भीम, मास्टर."

"जय झुलेलाल, शेठ."

शेठने पुठ्ठा वाचला. "ये क्या लिखा है? कॅम्प चार में पार्सल नहीं? अरे, इधर लोग दवाई की गोली भी पार्सल लेके जाते हैं!"

"मऊ पडतं शेठ. बंद केलं की वाफ धरतं."

"तो क्या हुआ, आदमी घर जाके खाएगा, बीवी के साथ खाएगा." त्यांनी वर बोट दाखवले. दुकानाच्या वरच त्यांचे घर आहे. गॅलरीत त्यांची बायको उभी होती. "अभी मेरा ही देखो. मुझे ऊपर ले जाना है. डिब्बे में दो."

मामाने मामीकडे पाहिले. कढईत तीन पीस होते. शेठचा फोन वाजला. त्यांनी स्क्रीनकडे बघितले, "कव्हरवाला" म्हणाले आणि उचलला नाही. फोन पुन्हा वाजला. तोही उचलला नाही.

"डिब्बा नहीं है?" शेठने विचारले.

डबा होता. मामी घरून एक झाकणाचा डबा घेऊन आली होती आणि तो पिशवीत होता. मामा पिशवीपाशी गेला. तिथे उभा राहिला. मग तसाच परत आला.

"डब्यात देणार नाही शेठ," तो म्हणाला. "जागा नाही मिळाली तरी चालेल. पण तुम्ही मऊ खाणार आणि हेच मास्टरचं चिकन म्हणणार, ते नको."

"भाभींना खाली बोलवा ना," मामी म्हणाली. "दोन मिनिटांचं काम."

वरून आवाज आला, "मैं नहीं उतरूँगी. मेरा घुटना दुखता है. ऊपर भेजो."

"भाभी, उतरताना मी हात धरते," मामीने वर पाहून सांगितले. "पण हे वर नाही येणार."

शेठने हात झटकला. "अडे, बहुत जिद्दी लोग हैं. लाओ, इधर ही दो."

मामीने जाळीवरचा लेग कागदाच्या तुकड्यावर ठेवून दिला. शेठने फुंकर मारली आणि उभ्या उभ्या घास घेतला. तो वाजला. शेठ चावत राहिले. दुसरा घास घेतला. तोंड भरलेले असतानाच विचारले, "मास्टर, कॉपी है ना?"

"तुटतं तिथल्यासारखं. मसाला हिचा आहे."

"ओरिजिनल वाले को मालूम पड़ेगा तो?"

"त्याला बोलवा. पण इथंच खावं लागेल."

शेठ हसले. त्यांनी हाड साफ केले, बोटे कागदाला पुसली आणि मान वर करून बायकोला सिंधीत काहीतरी सांगितले. गॅलरीतून उत्तर आले. मामी जिन्याकडे गेली. सहा-सात मिनिटांनी दोघी खाली आल्या, भाभींचा एक हात मामीच्या खांद्यावर होता आणि दुसऱ्या हातात स्वतःची स्टीलची प्लेट होती. तोवर मामाने नवे दोन पीस कढईत सोडले होते. ते तयार व्हायला बारा मिनिटे लागली. भाभी शेठच्या स्टुलावर बसून वाट पाहत होत्या.

त्यांनी मांडीचा पीस घेतला आणि पूर्ण खाल्ला. शेठला काही म्हणाल्या. मला सिंधी कळत नाही, मामीलाही फारसे नाही. शेठने मान डोलावली.

पाच वाजून अडतीस मिनिटांनी शेठने खिशातून फोन काढला आणि कव्हरवाल्याला लावला. "साईं, दूसरी जगह देख लो," ते म्हणाले. "ये मास्टर को दे दी." भाभींनी प्लेट मामीपुढे धरली आणि एक लेग मागितला. मामीने तो जाळीवरून उचलून दिला. तो त्यांनी तिथेच बसून खाल्ला.